आवारात चरू नये

वासंती: नाही, बसत नाही हो, कांताताई. ह्यांना वर एकटं ठेवून आलेय.

कांताबाई: ताई? इतकी वर्षं एका इमारतीत राहतोय, आज एकदम बढती? बसा. उभ्या माणसाशी बोलायचं म्हणजे माझी मान दुखते.

वासंती: जरा काम होतं तुमच्याकडे.

कांताबाई: ते ओळखलं मी. कामाशिवाय पाचव्या मजल्यावरचं माणूस पहिल्या मजल्यावर थांबत नाही. तुमची लिफ्ट थेट खाली जाते.

वासंती: निकिता घरात आहे का?

कांताबाई: न्हायला गेलीय. तिच्याशी काम आहे, की ती नसताना काम आहे?

वासंती: ती नसलेलीच बरी. वाईट नका वाटून घेऊ. हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे ना ती, लगेच डॉक्टरांची री ओढेल. मला तुमच्याकडूनच हवं होतं. तुमच्या गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये ती भाजी दिसते ना खालून…

कांताबाई: माझ्या कुंड्यांत भाजी नाही. तण आहे.

वासंती: तेच हो. लालसर देठांचं, गुबगुबीत पानांचं. घोळच ना ती? मंडईत विचारलं, कर्वेनगरच्या भाजीवाल्यांना विचारलं, आज कुणाकडेच नव्हती. शेवटी हे म्हणाले, तुमच्या रामदासरावांकडे असायची.

कांताबाई: त्यांच्याकडे नव्हती, आवारात होती. पाण्याच्या मीटरपाशी, पार्किंगच्या मागे, भिंतीच्या कडेनं. घोळ होती, पाथरी होती, पावसाळ्यात केना यायचा. मग तुमच्या ह्यांनी, सोसायटीच्या सचिवसाहेबांनी, पाटी लावली. आणि पाटीनं भागलं नाही म्हणून वर औषध फवारलं.

वासंती: ते डासांसाठी होतं.

कांताबाई: हो का? डास अजून आहेत. पाथरी तेवढी गेली.

वासंती: जुनं उकरून काय मिळणार आहे आता? मी हात जोडायला आलेय तुमच्याकडे. तुमच्यात अजून खातात ना हे, म्हणून म्हटलं…

कांताबाई: आमच्यात म्हणजे? पहिल्या मजल्यावर?

वासंती: तसं नाही हो. म्हणजे… गावाकडचं ज्यांना माहीत असतं…

कांताबाई: मी टपाल खात्यात पोस्टमास्तर होते. निकिताचे बाबा पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते. गाव सोडून जन्म गेला आमचा. पण असू दे. कशाला हवी घोळ? अचानक चव आठवली?

वासंती: चव कसली? किडन्या गेल्यात हो ह्यांच्या.

कांताबाई: काय गेलंय?

वासंती: किडन्या. दोन्ही. डॉक्टर म्हणतात, डायलिसिस सुरू करा. आणि हे ऐकायलाच तयार नाहीत. मला नळ्या लावून जगायचं नाही, म्हणतात. सकाळी तर ताटच सरकवून दिलं. मग तो व्हिडिओ आला आमच्या ग्रुपवर. एक वैद्य सांगताहेत, घोळीनं किडनी धुऊन निघते. ते ऐकलं आणि हे उठून बसले. म्हणाले, वासंती, हे मी खाईन. कित्येक दिवसांनी माणूस स्वतःच्या तोंडानं काही मागतोय, कांताताई.

कांताबाई: धुऊन निघते, म्हणाले?

वासंती: रोज वाटीभर खायची, म्हणाले. दोन वेळा.

कांताबाई: अस्सं. थांबा मग. कात्री आणते.

वासंती: उपकार होतील हो.

कांताबाई: उपकाराचं नंतर बघू. आधी एक सांगा, काय करणार तिचं?

वासंती: म्हणजे? भाजीच करणार. ह्यांना खायला.

कांताबाई: चुकताय तुम्ही. बाकीचे जेवतात, खातात. पण हे जे उगवतं, ते आपल्या सोसायटीत खात नाहीत. काय करतात? तुमच्याच घरातून आलाय शब्द.

वासंती: कांताताई, नका ना असं करू.

कांताबाई: पाठ नाही तुम्हाला? मला आहे. “सोसायटीच्या आवारात माणसांनी व जनावरांनी चरू नये. हुकुमावरून.” माणसांनी आधी, जनावरांनी नंतर. क्रमसुद्धा विचार करून लावला होता.

वासंती: अहो, विनोद होता तो. ह्यांचा स्वभावच तसा आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाट्या लावतील. कुणी विशिष्ट माणूस मनात धरून…

कांताबाई: आवारात वाकून भाजी खुडणारा एकच माणूस होता, वासंतीबाई. म्हशी तर आपल्या सोसायटीत कुणाकडेच नाहीत.

वासंती: चुकलं असेल त्यांचं. मी माफी मागते त्यांच्या वतीनं.

कांताबाई: वतीनं नको. माफी तर नकोच. मागायला आलात तर नीट मागा एवढंच म्हणते. कशाला हवी आहे घोळ? कात्री माझ्या हातात आहे. घाई मला नाही, तुम्हाला आहे. ते वर एकटे आहेत ना?

वासंती: ह्यांना… चरायला हवीय.

कांताबाई: हां. घ्या, हे ताट धरा. कोवळे शेंडे देते. हे बघा, प्रत्येक देठ मोडून बघायचा. ही दुधी आहे, चिकाचं तण, घोळीतच लपून येते. मोडली की पांढरा चीक येतो. ती टाकायची, विषारी असते. ही घोळ, मोडली की नुसतं पाणी. जीभ लावून बघा, आंबट लागते.

वासंती: किती नीट निवडताय हो! मला तर दोन्ही सारखंच दिसलं असतं.

कांताबाई: माझ्या हातून चुकीचं पान जायचं नाही. घेऊन जा. भरपूर दिलीय.

वासंती: तुमचं मन मोठं आहे, कांताताई.

(दार लागतं. केसांना पंचा गुंडाळून निकिता बाहेरच्या खोलीत येते.)

निकिता: कोण आलं होतं गं? आणि कुंडी अशी बोडकी का केलीस?

कांताबाई: वासंतीबाई आल्या होत्या. त्यांना दिली.

निकिता: वासंतीकाकूंना? पाटीवाल्या काकांच्या? आई, तू चक्क त्यांना भाजी दिलीस? सकाळच्या बुद्धवंदनेचा इफेक्ट का हा?

कांताबाई: त्यांनी मागितली, मी दिली.

निकिता: बरं केलंस. खरंच. मीच किती दिवस म्हणत होते, सोडून दे आता. पण त्यांना एकदम घोळ कशी आठवली?

कांताबाई: गोपाळकृष्णांच्या किडन्या गेल्यात.

निकिता: काय?

कांताबाई: दोन्ही. डॉक्टर डायलिसिस म्हणतात, हे नको म्हणतात. कुणा वैद्यानं व्हिडिओत सांगितलं, रोज दोन वेळा वाटीभर घोळ खा.

निकिता: एक मिनिट. एक मिनिट, आई. तू त्यांना सांगितलंस ना?

कांताबाई: काय सांगायचं?

निकिता: काय सांगायचं? तुला विचारावं लागतं? बाबांच्या वेळी काय काय बंद केलं होतं आपण?

कांताबाई: सगळं. टोमॅटो, नारळपाणी, केळं, पालेभाजी. आणि त्यांच्या ताटात घोळीचं पानसुद्धा नाही. पोटॅशियम चढतं, किडनी ते बाहेर टाकत नाही, आणि बसल्या जागी हृदय थांबतं. तूच पाढ्यांसारखं म्हणवून घ्यायचीस माझ्याकडून. पाठ आहे मला.

निकिता: म्हणजे तुला माहीत होतं.

कांताबाई: मी विष दिलं नाही. दुधी एकेक काडी निवडून टाकली.

निकिता: आई, हे तू बोलतेयस? हे असं?

कांताबाई: मग कसं बोलू? गोड बोलू? बाबा गेले तेव्हा वरून खाली कुणी आलं होतं? फळ्यावर खडूनं दोन ओळी लिहिल्या. त्यातही “कै. रामदास” लिहून मोकळे झाले. “राव” लिहायला खडू संपला होता.

निकिता: बाबा त्या पाटीनं गेले नाहीत. मी त्यांची डाएटिशियन होते. सगळे रिपोर्ट माझ्यासमोर होते. ते आजारी होते, आई.

कांताबाई: होतेच. आजारी माणसाला जनावर म्हटलं. निरोगी माणसाला म्हटलं असतं तर त्यानं निदान कानाखाली आवाज तरी काढला असता.

निकिता: झालं ते वाईटच झालं. मी नाही म्हणत नाही.

कांताबाई: तुला अर्धंच माहीत आहे. पाटीचा फोटो गावभर फिरला, पुणेरी पाटी म्हणून. बाबांच्या ऑफिसातल्या एका माणसानं त्यांनाच पाठवला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? खाली हसून हसून रडणारी तोंडं टाकली होती त्यानं. हे गॅलरीत बसले होते. मला म्हणाले, कांता, हे बघ, आपलं आवार आलंय. आणि हसले. मला वाटलं, हसताहेत म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी भाजी खुडायची पिशवी खुंटीवर, चपला कपाटात. डॉक्टरांनी सकाळचं चालायला सांगितलं होतं, ते बंद. रिपोर्ट तुझ्यासमोर होते. खुंटीवरची पिशवी माझ्यासमोर होती.

निकिता: मला का नाही सांगितलंत दोघांनी?

कांताबाई: ते नको म्हणाले. पोरीला वर भांडायला जायचं निमित्त नको, म्हणाले.

निकिता: मी वर जातेय.

कांताबाई: बस खाली.

निकिता: ते शिजवत असतील आता. सोड हात.

कांताबाई: मागायला आलेल्याला मी दिलं. यात तुझं काही नाही. तू घरात नव्हतीस असं समज.

निकिता: मी उद्या वॉर्डात जाणार आहे, आई. रोज तिथे पेशंटना सांगते, हे खाऊ नका, ते खाऊ नका, नाहीतर जीव जाईल. आणि माझ्या घरातून ताट भरून गेलं! सकाळी काय म्हणतेस तू रोज उठून? पहिलं शील काय आहे, कुणाचा जीव घेऊ नये म्हणणारं?

कांताबाई: पाणातिपाता वेरमणी.

निकिता: पुढे?

कांताबाई: तू मला शिकवू नकोस.

निकिता: पुढे म्हण ना. एवढं सगळं पाठ आहे तुला.

कांताबाई: नाही म्हणवत. बस झालं? नाही म्हणवत मला. तो माणूस रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून टाळ्या घेत होता त्या पाटीवर, आणि हे इथे आत पडदा लावून बसायचे, बाहेरच्यांना दिसू नये म्हणून. तेव्हा माझ्या मनात काय काय यायचं, ते तुझ्या शिलात कुठे बसतं, सांग.

निकिता: बेल वाजतेय.

कांताबाई: वाजू दे.

निकिता: मी उघडतेय. …काकू, या. मला तुमच्याशी…

वासंती: अगं बाई, निकिता, तू… काही नाही गं, आईंकडे सहज आले होते. कांताताई, एकच विचारायचं राहिलं. पटकन सांगा, मी पळते.

निकिता: काकू, ती भाजी…

कांताबाई: निकिता, थांब. त्यांना विचारू दे. काय राहिलं?

वासंती: करायची कशी ते. मी म्हटलं, डाळ घालून करते. तर हे म्हणाले, खाली जाऊन विचारून ये, रामदासरावांना कशी आवडायची. डाळ घालून, की ताकातली? रोज सकाळी उठून पिशवी भरणारा माणूस, म्हणाले, त्याची चव पक्की असणार. त्यांना आवडायची तशीच कर.

कांताबाई: असं म्हणाले?

वासंती: हो ना. आणि म्हणाले, मी त्यांच्या खाण्यावर पाटी लावली आणि आता त्यांच्याच हातचं… म्हणजे तुमच्या हातचं खाणार. आणि हसले थोडेसे. कांताताई? काय झालं?

निकिता: आई.

कांताबाई: शिजवलीत का?

वासंती: नाही अजून. धुऊन निथळत ठेवलीय.

कांताबाई: टाकून द्या.

वासंती: का? दुधी राहिली का त्यात?

कांताबाई: एक काडी नाही. स्वच्छ घोळ आहे ती. किडनीच्या माणसाला तीच चालत नाही. वाटीभर खाल्ली तर त्यांचं हृदय थांबेल. रोज दोन वेळा तर लांबच राहिलं.

वासंती: पण व्हिडिओत…

निकिता: काकू, चूक सांगितलंय व्हिडिओत. धडधाकट माणसाला ही भाजी छान. काकांना नाही. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम बाहेरच पडत नाहीये. उद्या त्यांची फाईल घेऊन या माझ्याकडे. मी वर येऊन बोलते त्यांच्याशी. डायलिसिस इतका भयंकर नसतो, माणसं त्याच्यावर वर्षानुवर्षं जगतात.

वासंती: तुम्हाला… कांताताई, तुम्हाला हे माहीत होतं?

कांताबाई: होतं.

वासंती: माहीत असून दिलीत?

कांताबाई: माहीत असून. कोवळी बघून.

वासंती: माझा नवरा आहे हो तो!

कांताबाई: माझाही नवराच होता.

वासंती: मी तुमच्या दारात हात जोडून उभी होते. तुम्ही म्हणाल तो शब्द उच्चारला मी. आणि तुम्ही… देवा! मी हे पोलिसांत जाऊन…

कांताबाई: जा ना. मी नाही म्हणणार नाही. विचारतील तसं सगळं सांगेन, पाटीपासून.

निकिता: आई, पुरे. काकू, बसा तुम्ही. पाणी आणू?

वासंती: नको. पाणी नको मला. एवढा राग होता, तर आता तरी का सांगितलंत? मी वर जाऊन शिजवलीच असती की. तुम्हाला हवं ते झालं असतं.

कांताबाई: तुमच्या मिस्टरांनी प्रश्न विचारला म्हणून. रामदासरावांना कशी आवडायची. मला उत्तर देता येईना.

वासंती: म्हणजे?

कांताबाई: त्यांनी खाल्लीच नव्हती. ते इथे राहायला आले तेव्हापासूनच किडनीचे पेशंट होते. बाहेर कुणाला सांगायचे नाहीत. नोकरीतली सवय, आजार सांगायचा नाही. आवारातलं एक पान त्यांच्या तोंडात गेलं नाही. ज्याला तुम्ही चरू नये म्हणालात, तो चरतच नव्हता.

वासंती: आम्हाला वाटलं, हार्ट होतं त्यांना.

कांताबाई: शेवटी हार्टच झालं. सगळ्यांचं शेवटी तेच होतं.

वासंती: कांताताई, मी आजच्या आज पाटी काढायला लावते. स्वतः उभी राहून.

कांताबाई: राहू द्या. हात लावायचा नाही पाटीला.

वासंती: अहो, पण…

कांताबाई: डायलिसिसला दिवसाआड खाली उतरावं लागेल त्यांना. रिक्षा पाटीपाशीच थांबते. जाताना वाचू दे, येताना वाचू दे. नीट उपचार घ्यायला लावा त्यांना. पथ्य निकिता लिहून देईल. खूप जगू दे. माझी काही घाई नाही. आज वाटी खाऊन ते सुटले असते, आणि कशापायी सुटले तेसुद्धा त्यांना कळलं नसतं. एवढ्या स्वस्तात नाही सोडायचं मला त्यांना.

निकिता: आई, अगं काय हे!

कांताबाई: जिवंत ठेवतेय ना? मग कसं ठेवतेय त्याचा हिशेब तू मला विचारू नकोस.

वासंती: एक विचारू? रागावू नका. ते खात नव्हते, आणि तुमची निकिताही सकाळी डबा घेऊन बाहेर. मग रोज उठून, गुडघे दुखत असताना, वाकून वाकून खुडायचे कशासाठी? आम्ही वरून बघायचो. ह्यांना तर वाटायचं, हा माणूस हावरट आहे.

कांताबाई: मला आवडते म्हणून. मी जेवायला बसले की समोर खुर्ची घेऊन बसायचे. स्वतःच्या ताटात फिका भात. आज आंबट आहे का गं, विचारायचे. मी हो म्हटलं की त्यांचं जेवण व्हायचं.

वासंती: हे मी ह्यांना कसं सांगू?

कांताबाई: सावकाश सांगा. आजारी माणूस आहे.